पंचमेल

३ एप्रिल, गुरुवार

ईदच्या सुट्टीनंतर आज दुकान उघडलं अन् पहिल्याच तासात डोकं फिरलं. म्हणून ही वही. राग कुठंतरी काढाच लागते, नाहीतर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात पाना घालीन मी. मुद्दाम मराठीत लिहून राहिली. अम्मी-अब्बू मराठी बोलतात, पण वाचतात उर्दूच. त्यामुळं इथं मी मोकळी. घरी आमची भांडणं हिंदीत होतात, ती इथं मराठी करून लिहीन.

तर अब्बूंचा तो डबा.

पाच लिटरचा जुना, काळाकुट्ट, झाकणाले दोरी बांधलेली. स्कूटीचं ऑइल आठशे मिलीच्या बाटलीत येते अन् गाडीत जाते सातशे. शंभर उरते. बाया म्हणतात, राहू द्या इथंच, आम्ही कुठं नेऊ. ते उरलेलं अब्बू त्या डब्यात ओततात. स्कूटीचं, मोटरसायकलचं, एखाद्या ट्रॅक्टरवाल्यानं दिलेलं, पातळ, जाड, लाल, हिरवं, सगळं एकात. त्याले नाव ठेवलं 'पंचमेल'. जशी काही डाळ आहे!

मी म्हटलं, "अब्बू, फेका ते. कोणी पाहिलं तर म्हणंल, हेच भरतात गाड्याईत."

"पंचमेल इंजनात जात नसते," अब्बू म्हणाले. "साखळीले, कडीकोयंड्याले, अम्मीच्या शिलाई मशीनले. चांगलं ऑइल फेकू काहून?"

"माह्या दुकानात दोन वेगळ्या नंबरचं ऑइल एका डब्यात राहणार नाही म्हणजे नाही."

"बरं," म्हणाले. अन् डबा उचलून मागच्या फळीवर नेऊन ठेवला. ती फळी दहा पावलांवर आहे. यालेच ते 'बरं' म्हणतात.

दुकान माहं आहे. बोर्डावर 'तुबा टू-व्हीलर' लिहिलं आहे. आयटीआय मी केली. शोरूममध्ये चार वर्षं पोट्ट्याईचे टोमणे ऐकत काम मी केलं. भातकुली रोडवरचा हा गाळा मी शोधला. अब्बू अडतीस वर्षं ट्रकाईचे उस्ताद होते, कबूल. पाठ गेली म्हणून घरी बसले, तेही कबूल. पण आता रोज सकाळी माह्याआधी येऊन स्टुलावर बसतात. सहा महिने झाले दुकानाले, अन् लोकाईच्या तोंडी मी अजून उस्ताद कुर्बानची पोरगीच आहे. मिस्त्री कोणी म्हणत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज एक मास्तर आले. मी सांगितलं, उन्हाळा असला तरी तुमच्या गाडीले कंपनीनं सांगितलं तेच दहा-तीस नंबरचं ऑइल टाका, उगाच जाड टाकू नका. मास्तरनं माह्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून थेट स्टुलाकडे. "काका, पोरगी बरोबर सांगून राहिली का?"

अन् अब्बू काय म्हणाले? "तिले विचारा. दुकान तिचं आहे."

एकदा, फक्त एकदा "हो, बरोबर सांगून राहिली" म्हटलं असतं तर जीभ झिजली असती का? पण नाही! कोणीही आला की यांचं तेच, तिले विचारा. लोकाईले वाटते, बुढ्याचं मत वेगळं आहे, पोरीशी भांडण नको म्हणून गप्प बसला. मास्तर "येतो नंतर" म्हणून गेला तो गेलाच.

मी अब्बूले चांगलंच बोलली. ते म्हणाले, "आज मी हो म्हटलं, तर उद्या तो पुन्हा मलेच विचारंल." काहीही कारणं.

वरून मलेच शिकवतात. बाटलीवर दहा डब्ल्यू, वीस डब्ल्यू लिहिलेलं असते न, अब्बूच्या हिशोबानं डब्ल्यू म्हणजे वजन. दहादा सांगितलं की डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ऑइल किती पातळ राहते त्याचा तो नंबर आहे. तर हसतात. "अमरावतीत एप्रिल महिन्यात थंडी कुठून आणू?" अन् मग एक थेंब घेऊन दोन बोटांत चोळतात, डोळे मिटतात, अन् नंबर सांगतात. बरोबर सांगतात, ते वेगळं. पण त्रेचाळीस डिग्रीत माणूस घामानं निथळून राहिला, अन् हे तिथं बोटं चोळत बसलेत!

११ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस जळो एकदाचा.

बाराच्या सुमारास करिश्मा मॅडम आल्या, कॉलेजात क्लार्क आहेत त्या. स्कूटीचं ऑइल बदलायचं होतं. मी बाटली फोडली, मापाच्या प्लास्टिकच्या जगात सातशे मोजून ठेवलं, जुनं काढायले खालचा नट खोलणार तेवढ्यात यांचा फोन वाजला. साहेब आले म्हणे. "नंतर येते हं" म्हणाल्या अन् गाडी काढून पसार. आमचा वेळ म्हणजे काही वेळ नाही! अब्बू तेव्हा नमाजले निघत होते, जाता जाता म्हणाले, जगावर काही झाकून ठेव, धूळ पडंल. जसं मले समजतच नाही.

मग घरमालकाचा फोन. दुकानापुढं गाड्या लावू नका. अहो, गॅरेजपुढं गाड्या नाही लावायच्या तर काय गाई बांधायच्या? अर्धा तास तेच, तेच, तेच.

फोन कानाले असतानाच देवमनभाऊ आले. भातकुलीचे आहेत, फुलं पिकवतात, अन् मोटरसायकलवर अमरावतीच्या बाजारात आणतात. रोज मागं बायको पार्बताबाई, दोन्ही अंगाले झेंडूचे गठ्ठे. आज मात्र एकटेच. उद्या हनुमान जयंती, सोमवारी बाबासाहेबांची जयंती, म्हणून घाई. "ताई, दहा मिनिटात ऑइल बदलून दे. पार्बता बाजारात एकटी बसली हाय मालाजवळ."

फोन मानेत दाबून मी जुनं ऑइल काढलं. मोटरसायकलच्या ऑइलचा कॅन उचलून पाहते तर आत जेमतेम तीनशे! आता नवा कॅन आणायले बाजारात धावायचं का? पण नशीब, स्टँडवर जगात मोजून ठेवलेलं होतंच. ते ओतलं, बरोबर लिटर भरलं. दहा मिनिटं म्हटलं होतं, नवात गाडी दिली.

अब्बू तेवढ्यात नमाजहून आले. आल्या आल्या सुरू. "तुबा, तो जग..." जग धुऊन ठेव, जग झाकून ठेव, दुसरं काय असणार? एका कानात घरमालक, दुसऱ्या कानात बाप. मी ओरडली, "अब्बू, गिऱ्हाइकापुढं मध्ये बोलू नका! किती वेळा सांगू तुमाले?" देवमनभाऊ गाडी सुरू करून निघाले पण. अब्बू त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेले, हात वर केला, अन् मग परत येऊन स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

अब्बू आज दोनदा दुकानामागं जाऊन फोनवर बोलले. हळू आवाजात. मी मागं गेली की लगेच "ठेवतो" म्हणतात. काय चाललं आहे कोणास ठाऊक.

संध्याकाळी म्हणाले, "पाच मिनिटं बस. तुह्याशी बोलायचं आहे, शांत डोक्यानं."

समोर चार गाड्या उभ्या, माह्या हाताले ग्रीस. मी म्हटलं, "डब्याचं असंल तर मले ऐकायचं नाही."

"डब्याचं नाही."

"मग कशाचंही असो, काम संपल्यावर." काम संपेपर्यंत ते घरी निघून गेले होते. म्हणजे काही एवढं महत्त्वाचं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

राग अजून उतरला नाही. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी देवमनभाऊची गाडी टेम्पोत घालून आणली. सोबत बाजारातले दहा-पंधरा जण. उड्डाणपुलाच्या चढावर इंजन नुसतं ओरडे अन् गाडी पुढं सरके ना. मग थांबली, अन् मग मागं सरकली. पार्बताबाई गठ्ठ्यासकट खाली पडल्या. मागून बस येत होती, ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचल्या. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर करून राहिले होते तेव्हा.

"काय भरलं वो माह्या गाडीत?" देवमनभाऊ ओरडून राहिले होते. "माही बायको मेली असती न आज!"

मी तिथंच ऑइल काढलं अन् बोटांत चोळून पाहिलं. पातळ. यात स्कूटीचं ऑइल आहे, हे समजायले दुसरं काही लागत नाही. मोटरसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला असते. स्कूटीचं ऑइल मुद्दाम निसरडं केलेलं असते. ते इथं गेलं की क्लचच्या प्लेटा सटकतात, इंजन फिरते अन् चाकाले जोरच पोचत नाही. दोन माणसं अन् वर ओझं असलं तर चढावर मेलीच गाडी.

पण माह्या हातानं स्कूटीचं ऑइल कसं जाईल? सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. मागून कोणीतरी म्हटलं, "मी म्हटलंच होतं, पोट्टीकडे गाडी नेऊ नका."

अन् अब्बू स्टुलावरून उठले. "जगात मी ओतून ठेवलं होतं," म्हणाले. "फळीवरच्या डब्यातलं, उरलंसुरलं. तिले माहीत नव्हतं. तिनं बरोबर समजून भरलं. चूक माही आहे, देवमन."

पंचमेल! इंजनात पंचमेल!

"म्हणून तुमी दोनदा फोन करून राहिले होते का, काका?" देवमनभाऊ म्हणाले. "गाडी आण, ऑइल बदलून देतो म्हणून? मले फुलाईच्या घाईत फुरसतच भेटली नाई."

म्हणजे यांना माहीत होतं! दोन दिवसांपासून माहीत होतं अन् मले एका शब्दानं सांगितलं नाही. चोरून फोन! माहा तोल गेला. सगळ्याईपुढं मी बोलली. म्हटलं, अडतीस वर्षं उस्ताद म्हणून मिरवले अन् आज एका बाईचा हात मोडला तुमी. म्हटलं, तो डबा फेका म्हणून किती वेळा सांगितलं, ऐकलं का? म्हटलं, माह्या दुकानाच्या मुळावर उठले तुमी. अजूनही काय काय म्हटलं, सगळं इथं लिहवत नाही.

शेवटी देवमनभाऊच मले आवरायले लागले. "जाऊ दे ताई, बुढं मानूस हाय. व्हते चूक. तुहा काई दोष नाई." लोकही म्हणाले, बुढ्याचं वय झालं, पोट्टी चांगली आहे. अन् हे सगळं चालू असताना अब्बू माह्याकडे पाहून हळूच हसले! हसले! एवढं करून हसू येते माणसाले?

१४ एप्रिल, सोमवार

आज दुकान बंद. सकाळी चहा झाल्यावर मी अब्बूपुढं हात केला. "दुकानाची चावी द्या."

अब्बूंनी माह्याकडे पाहिलं. "खरंच मागून राहिली?"

"मग काय थट्टा करून राहिली?"

अम्मी मध्ये पडली, "तुबा, बापाशी असं बोलतात का?" मी म्हटलं, "अम्मी, तू मध्ये बोलू नको, एका बाईचा हात मोडला आहे." अब्बूंनी कुर्त्याच्या खिशातून चावी काढली अन् माह्या हातावर ठेवली. "अच्छा," एवढंच म्हणाले. मले वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. उठून आतल्या खोलीत गेले अन् दुपारच्या जेवणालाही आले नाहीत.

मी चुकीचं केलं नाही. गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ मी बापालेही करू देणार नाही.

२१ एप्रिल, सोमवार

आठवडा झाला. दुकान माहं एकटीचं. जो येतो तो म्हणते, बरं केलं ताई, बुढ्याले घरी बसवलं ते. अन् त्याच तोंडानं विचारते, "मंग आता कोनाले विचाराचं?" मले विचारा न! समोर उभी आहे न मी!

आज तो डबा फेकायले फळीवरून काढला. काठोकाठ भरलेला. झाकणावर धुळीचा थर, अन् दोरीची गाठ इतकी घट्ट की पक्कड लावावी लागली. यातून एक जग भरून ऑइल काढलं असतं तर कमी व्हायले पाहिजे होतं. की परत भरला असंल? पण भरायले तेवढं उरलेलं ऑइल दोन दिवसांत आलं कुठून? अन् धूळ? धुळीचं काही नाही, या रोडवर तासाभरात धूळ बसते. मी जास्त विचार केला नाही. डबा होता तिथं ठेवला, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

अम्मी सांगत होती, ट्रान्सपोर्ट लाइनमधल्या जुन्या लोकाईपर्यंत गोष्ट गेली. एकानं फोन करून थट्टा केली, काय उस्ताद, आता पंचमेलवर गाड्या चालवता का म्हणून. तेव्हापासून अब्बू फोन उचलत नाहीत. जुम्म्याच्या नमाजलेही मोठ्या मशिदीत गेले नाहीत, गल्लीतल्या छोट्या मशिदीत गेले, तिथं ट्रकवाले येत नाहीत म्हणून.

मी म्हटलं, चांगलं झालं. मग दिवसभर त्या शब्दानंच डोकं दुखत राहिलं. चांगलं काय झालं त्यात?

२८ एप्रिल, सोमवार

करिश्मा मॅडम आज आल्या. सतरा दिवसांनी. मी नवी बाटली फोडून राहिली होती.

"सॉरी हं, त्या दिवशी तशीच पळाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर माझं ऑइल त्या जगात मोजूनही ठेवलं होतं. वाया नाही ना गेलं?"

मी म्हटलं, "नाही, वाया कशाले जाईल..."

बाटली हातातच राहिली. सातशे. सातशे अन् तीनशे. बरोबर लिटर.

मॅडम विचारून राहिल्या होत्या, बरं नाही का तुम्हाला, पाणी देऊ का. मी त्यांचं ऑइल बदललं, नट दोनदा तपासला, गाडी दिली. मग शटर अर्धं ओढलं अन् ही वही काढून अकरा तारखेचं पान वाचलं. सगळं लिहिलेलं आहे. माह्याच हातानं, माह्याच अक्षरात. जगात सातशे मोजून ठेवलं. जग ओतला. अब्बू म्हणाले, "तुबा, तो जग..."

मूर्ख, मूर्ख, मूर्ख. दोन वेगळ्या नंबरचं ऑइल एका डब्यात राहू देणार नाही म्हणणारी मी, अन् इंजनात मीच मिसळलं. ते पण कानाले फोन लावून! शोरूममध्ये कोण्या पोट्ट्यानं असं केलं असतं तर मी त्याले उभा जाळला असता. पार्बताबाईचा हात मी मोडला. फळीवरचा डबा अजून काठोकाठ भरलेला आहे अन् मी त्याच्या धुळीवर वाद घालून राहिली होती.

अन् अब्बूंचाही राग येऊन राहिला. माही चूक घ्यायले यांना सांगितलं कोणी? मी काय कुकुलं बाळ आहे? माह्या हातून चूक झाली तर ती माही आहे. मले विचारल्याबिगर घेऊन टाकली, जशी खिशात टाकायची चिल्लर!

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी भातकुलीले गेली. दुकान उघडलंच नाही.

पार्बताबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं फुलं निवडून राहिल्या होत्या. देवमनभाऊ विहिरीकडून आले. मी बसली नाही, उभ्यानंच सांगितलं. जगात पंचमेल नव्हतं. स्कूटीचं ऑइल होतं, मीच मोजून ठेवलेलं, अन् न पाहता मीच तुमच्या गाडीत ओतलं. अब्बूंचा काही संबंध नाही.

देवमनभाऊले आधी समजलंच नाही. "मंग काकानं काहून आंगावर घेतलं?"

"तुमचा अवतार पाह्यला असंल त्याईनं," पार्बताबाई म्हणाल्या. "पंधरा मानसं घेऊन गेलते तुमी. पोरीचं दुकान ठेवलं असतं का तिथं?"

देवमनभाऊचा चेहरा बदलला. मले माहीत होतं बदलणार. "म्हनून तं लोकं सांगून राहिले होते मले. गाडीचं काम बायाईचं नोहे."

मी माफी मागायले गेली होती, अन् मागितली पण. पण हे ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "देवमनभाऊ, मनगट मोडलं ते माह्यामुळं. प्लास्टर निघेपर्यंत फुलं बाजारात न्यायले मी येईन रोज, माह्या गाडीवर. तुमी म्हणाल ते ऐकीन. पण शोरूममध्ये किती पोट्ट्याईनं किती क्लच जाळले, तेव्हा कोणी म्हटलं का की हे गड्याचं काम नोहे? गडी चुकला तर तो एकटा चुकते. मी चुकली तर साऱ्या बाया चुकल्या का?"

"मी माही गाडी तुह्याकडे आननार नाई आता. अन् बाजारात सांगीन."

"सांगा. नीट नाव घेऊन सांगा. उस्ताद कुर्बानचं नाही, तुबाचं."

पार्बताबाई फुलं निवडता निवडता थांबल्या. "बापाले सांगितलं का तू, तुले समजलं म्हनून?"

"नाही. आधी तुमच्याकडे आली."

"उलटं केलं बाई तू," त्या म्हणाल्या, अन् पुन्हा फुलं निवडायले लागल्या.

घरी पोचली तर दुपार झाली होती. अब्बू खिडकीपाशी बसले होते, अम्मी मशीनवर शेजारणीचा ब्लाऊज शिवून राहिली होती. मी चप्पलही काढली नाही. "मी देवमनभाऊले खरं सांगून आली."

अब्बू ताडकन उठले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आवाज चढला त्यांचा. "काहून? कोणी सांगितलं होतं तुले? गोष्ट मिटली होती!"

"मिटली कुठं होती? तुमच्या नावावर गेली होती!"

"माह्या नावाचं काय करायचं आहे आता? अडतीस वर्षं वापरून झालं ते. बुढा चुकला तर लोक म्हणतात, बुढा चुकला, अन् चहा पिऊन घरी जातात. तू चुकली असती तर त्याच दिवशी शटर पाडलं असतं तुहं!"

"पडलं असतं तर पडलं असतं! माहं शटर, माही चूक! मिस्त्री म्हणा म्हणते मी लोकाईले. मग मिस्त्रीची चूक मिस्त्रीच्या नावावर नको का?"

"बेअक्कल आहेस."

"तुमचीच पोरगी आहे!"

अम्मी मशीन चालवतच राहिली, जोरजोरानं. आम्ही दोघं एकमेकांपुढं उभे. मग मी तेच म्हटलं जे कालपासून आत सलून राहिलं होतं. "मले तरी सांगायचं न, अब्बू. लोकाईले नका सांगू, पण मले? मी तुमाले सगळ्याईपुढं काय काय बोलली. चावी काढून घेतली. अन् तुमी गप्प?"

अब्बू खाली बसले. आवाज पण उतरला.

"शनिवारी सांगायले बसवत होतो, तू बसली नाही. ते जाऊ दे. रविवारी तू माह्यावर ओरडली न, मले वाटलं, पोरगी हुशार आहे. मी काय करून राहिलो ते समजलं तिले, अन् बरोबर साथ देऊन राहिली. मी तर मनात खूश झालो. घरी आल्यावर चूपचाप बसून बोलू, असं वाटलं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी तू चावी मागितली. तेव्हा समजलं की तू खरंच बोलून राहिली होती. तुले खरंच वाटून राहिलं की मी इंजनात पंचमेल ओतलं."

मी म्हटलं, "तुमीच तर म्हणाले..."

"लोकाईले मी झूठ सांगितलं, तुबा. तू काहून खरं मानलं?"

अम्मीची मशीन थांबली. मी चप्पल काढली अन् अब्बूंपुढं खाली बसली.